बंदर डाव्या हाताला

इंदिरा नगर, लखनौ
१८ सप्टेंबर १९९६

ती. दादा,

नमस्कार. तुझं ऑगस्टअखेरीचं पत्र परवा पोचलं. काल आपला दीड दिवसाचा गणपती गोमतीत सोडून आलो. दर वर्षी मूर्ती तू आणायचास, या वर्षी मी आणली. सोंड डावीकडेच आहे ना, हे दुकानात तीनदा पाहून घेतलं. आई म्हणाली, पुरे आता, दुकानदार हसतोय.

जुईचा ताप उतरला. शाळेत जाते आहे. विनीतावहिनींचा पासपोर्ट आला. त्या तो ओट्याजवळच्या कपाटात, साखरेच्या डब्यामागे ठेवतात आणि रोज एकदा जागेवर आहे का बघतात. तू पाठवलेला बेटाचा नकाशा त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला आहे. तुझ्या क्वार्टरच्या जागी, बंदराला लागून, तू केलेली लाल पेन्सिलीची खूण आता त्यांनी बोट लावून लावून पुसट केली आहे.

बाबा बरे आहेत. निवडणुकीच्या भाषणांना कंटाळून त्यांनी रेडिओ बंद ठेवलाय.

आता कारखान्याचं. तुमच्या तिकडच्या मुख्याध्यापिकाबाईंची ऑर्डर आली हे तुला कळवलं होतंच. तू त्यांच्या शाळेच्या कार्यक्रमाला कोटावर आमचा जरीचा बिल्ला लावून गेलास, त्यांनी पत्ता विचारला, तू दिलास. त्यातून हे झालं, म्हणून आमचे मालक रस्तोगीजी तुला सलाम सांगतात. बाईंनी रस्तोगीजींना सविस्तर पत्र लिहिलं. मी शब्दकोश घेऊन दोन दिवसांत ते वाचून दाखवलं. तुमच्या बेटावर ५ नोव्हेंबरला गव्हर्नर आणि आमदार एकाच दिवशी मतदानाने निवडणार, बाई पिवळ्या पक्षातर्फे आमदारकीला उभ्या आहेत, आणि त्यांच्या माणसांसाठी चारशे बिल्ले हवेत. पिवळ्या कापडावर जरीत बेटाचा आकार. त्यांनी एक वाक्य खाली रेघ मारून लिहिलंय: बंदर डाव्या हाताला असू द्या, आमच्या होड्या तिथूनच निघतात.

गव्हर्नर मतदानाने, हे ऐकून कारखान्यात दोन दिवस काम हळू झालं. शमीमा आपा सगळ्यात जुन्या कारागीर, त्यांनी विचारलं, "लाट साहब भी वोट से? तो फिर उनके यहाँ बत्ती भी जाती होगी." सगळे हसले.

एक गंमत झाली आहे. गंमतच म्हणायची. चारशे बिल्ले झाले, मी तपासून चिठ्ठ्या लावल्या. एक वहिनींना दाखवायला घरी आणला. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा बिल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा आरशातला आहे." बंदर उजव्या हाताला. दुसऱ्या दिवशी खोकी उघडली. दोनशे बरोबर, दोनशे उलटे.

तुला आमचं काम माहीत नाही म्हणून सांगतो. नक्षी पातळ कागदावर काढतात, रेघेवर सुईने भोकं पाडतात, आणि कागद कापडावर ठेवून वरून खडूचं पाणी फिरवतात. त्या कागदाला खाका म्हणतात. कुर्त्याच्या एका बाजूला खाका सुलटा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला पालथा, म्हणजे दोन्ही बुट्ट्या एकमेकींकडे तोंड करून बसतात. याला जोडा म्हणतात. खाका छापणारे मुश्ताक मियाँ चाळीस वर्षं जोडे छापत आलेत. त्यांनी बेटाचाही जोडा छापला.

रस्तोगीजी दिल्लीला गेलेत, पंधरवड्याने येतील. पार्सल १२ ऑक्टोबरच्या आत निघायला हवं. मी अजून कोणाला बोललो नाही. काय करावं ते तू कळव. तू सांगशील तसं करीन.

तुझा,
निनू


इंदिरा नगर, लखनौ
१४ ऑक्टोबर १९९६

ती. दादा,

नमस्कार. काल घट बसले. आईने नऊ धान्यं मोजून पेरली आणि मला पाणी घालायचं काम दिलं, कारण मी जास्त घालत नाही.

इथलं विधानसभेचं मतदान झालं. मी पहिल्यांदाच मत दिलं. मागच्या वेळी यादीत नाव चुकलं होतं, या वेळी मी स्वतः तीन वेळा जाऊन दुरुस्त करून घेतलं. बोटाला शाई लागली तेव्हा पहिली भीती वाटली ती कापडाला डाग पडेल याची. पडत नाही, वाळली की पक्की. निकाल लागले, कोणालाच बहुमत नाही. लोक म्हणतात पुन्हा राज्यपालच कारभार बघतील. शमीमा आपा म्हणाल्या, बघा, त्या बेटावर लोक लाटसाहेब निवडतात, आणि आपण बाकी सगळे निवडले तरी उरतात ते लाटसाहेबच.

तुझा फॅक्स ३ तारखेला निशातगंजच्या पीसीओवर आला. बूथवाल्याने मला हाक मारली, म्हणाला, "भैया, आपके लिए कुछ आया है, हिंदी जैसा है पर हिंदी नहीं है." मी तिथेच उभ्याने वाचला. मग टेम्पोत वाचला. मग घरी गच्चीवर जाऊन वाचला.

तू लिहिलंस की काहीही करू नकोस. दोनशे सुलटे, दोनशे उलटे, तसंच जाऊ दे. तुझ्या कंपनीचा साहेब समोरच्या निळ्या पक्षाचा माणूस आहे. निळ्यांचा गव्हर्नर आला तर साहेबाला मोठं काम मिळेल, तुझा करार तीन वर्षांनी वाढेल आणि वहिनी-जुईला तिकडे नेता येईल. पिवळे लोक सभेला उलटं बेट छातीवर लावून आले तर सगळं बेट हसेल. तू लिहिलंस, "इथे मला मत नाही, निनू. दहा वर्षं राहिलो तरी मिळणार नाही. हे एकच मत माझ्या वाट्याला आलंय आणि ते तुझ्या टेबलावर पडलंय. तुला फक्त गप्प बसायचं आहे. ते तुला जन्मापासून येतं."

दादा, पार्सल १० तारखेला गेलं. चारशेच्या चारशे सुलटे.

हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं. मी दोनदा तसं लिहून कागद फाडला. पण आता लिहिलं आहे, आणि त्याच्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. दुसऱ्या एका गोष्टीबद्दल मागायची आहे, ती खाली लिहितो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मुश्ताक मियाँनी चूक केली. ते खोटं होतं. नेमकं काय झालं ते असं. खाका हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी विचारलं, "भैया, जोड़ा बनेगा?" मला बिल्ल्यांचं काही माहीत नव्हतं. त्यांना उलट विचारायला हवं होतं की बिल्ल्याला जोडा असतो का. पण बारावी नापास मुलाला तपासनीस केला म्हणून आधीच दोघं-तिघं कुजबुजतात. मी मान वर न करता म्हणालो, हाँ, जोड़ा. बाईंचं पत्र तेव्हा माझ्याच खणात होतं, डाव्या हाताची ओळ रेघ मारलेली.

आणि पुढे ते चारशे मीच तपासले. प्रत्येकाचे टाके मोजले, कडा बोटाने चाचपल्या, मागची गाठ ओढून पाहिली. दोनशे वेळा उलटं बेट माझ्या हातात आलं आणि दोनशे वेळा मी चिठ्ठीवर सही केली. गणपतीची सोंड मी तीनदा पाहतो, दादा, कारण चुकलं तर आई बोलेल. बेट पाहिलं नाही, कारण तिथलं कोणी बोलायला इथे येणार नव्हतं.

१ तारखेला रस्तोगीजी परत आले. आल्या आल्या खोकं उघडलं, आणि मुश्ताक मियाँना म्हणाले, उद्यापासून घरी बसा, डोळे गेलेत तुमचे. आता वेळ नाही, माल आहे तसाच जाईल, असंही म्हणाले. मियाँनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून कुर्त्याला पुसला, सुया डबीत घातल्या आणि गेले. मी तेव्हाही गप्प होतो. तुझ्या उत्तराची वाट पाहत होतो.

म्हणजे तुझा फॅक्स आला तेव्हा तू सांगत होतास ते मी दोन दिवस करूनच बसलो होतो. कसं वाटतं ते मला माहीत झालं होतं. तुझं वाक्य वाचलं, ते तुला जन्मापासून येतं, आणि मला राग आला. आधी तुझा. मग वाटलं, दादाने हे उगाच लिहिलेलं नाही. माझे सगळे फॉर्म तू भरलेस. मास्तरांशी तू बोलायचास, रस्तोगीजींशीही तूच बोललास. मी मागे उभा राहायचो आणि तुझं बोलून झालं की घरी यायचो.

४ तारखेला सकाळी रस्तोगीजींना सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, नाहीतर मी आत जाऊन दुसरंच काही बोललो असतो. जोडा मी म्हणालो, सह्या माझ्या, मियाँची काही चूक नाही, आणि उलटे दोनशे पुन्हा करू द्या. रस्तोगीजी म्हणाले, "खानदानी आदमी को तुमने तीन दिन घर बिठा दिया. अब जाओ, तुम ही बुलाकर लाओ."

मी गेलो. मियाँ दारात बसून तांदूळ निवडत होते. मी बोलायला लागलो तर म्हणाले, चहा घ्या. चहा झाल्यावर म्हणाले, "हमने पूछा तो था." एवढंच. ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. पण ते आले.

सहा दिवसांत दोनशे बिल्ले नव्याने करायचे होते. उजेड असेपर्यंत आठ बाया अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणलेल्या लाकडी चौकटीपाशी, बसत होत्या. मतदानाच्या दिवशी त्या मत देऊन, शाईचं बोट घेऊन परत कामाला आल्या. शमीमा आपा म्हणाल्या, आधी आमचं सरकार बनवलं, आता लाटसाहेब बनवायला आलो.

एक दिवस दुपारी वहिनी आल्या. जुईला शाळेतून घेऊन तशाच टेम्पोने आल्या. त्यांना मी घरी एवढंच सांगितलं होतं की काम पुन्हा करतोय. तुझ्या फॅक्सबद्दल काही सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. त्या उभ्या राहून पाहत होत्या. पाठीमागच्या भिंतीला बाईंचं छापील पत्रक लावलं होतं, पिवळं. त्यांना निळे-पिवळे माहीत आहेत, तुझ्या पत्रांतून. त्यांनी विचारलं, "हे पोचलं तर यांचं तिकडे बिघडेल का?" मी म्हणालो, बिघडू शकतं. त्यांनी जुईला एका पोत्यावर बसवलं, तिच्या हातात डबा दिला आणि शमीमा आपांना म्हणाल्या, "सुई दीजिए. कितने बाकी हैं?"

हे मी तुला त्यांच्याविरुद्ध सांगत नाही. तू त्यांना दोष देऊ नयेस म्हणून सांगतो. पार्सल मी पाठवलं.

ते तुझं मत नव्हतं, दादा. ते बाईंचं सामान होतं, त्यांनी विश्वासाने आमच्याकडे करायला दिलेलं. तुला तिथे मत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथले रस्ते आणि पूल बांधायचे आणि मतदानाच्या दिवशी क्वार्टरमध्ये बसायचं, हे बरोबर नाही. पण त्याचं काही करायचं असेल तर ते तू तिथे उभं राहून, तुझ्या नावाने कर. माझ्या टेबलावरून नको.

रस्तोगीजींनी मला तपासणीवरून काढलं आहे. म्हणाले, आधी सुई धरायला शीक, मग दुसऱ्याचं काम तपास. आता मी मुश्ताक मियाँच्या शेजारी बसतो. माझ्या बोटांना भोकं पडली आहेत.

फॅक्स मी कपड्यांच्या खणात, खाली ठेवला आहे.

तुझा,
निनाद


इंदिरा नगर, लखनौ
२६ नोव्हेंबर १९९६

ती. दादा,

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरून दिवाळीभर पोस्टमनची वाट पाहिली. उत्तराऐवजी गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. मी दारातच उभा होतो, पण तू मला बोलवायला सांगितलं नाहीस.

बाईंचं पत्र मात्र आलं. त्यांच्या मतदारसंघात त्या एकेचाळीस मतांनी निवडून आल्या. गव्हर्नर निळ्यांचा झाला. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे, त्यात धक्क्यावर उभी माणसं आहेत, पुष्कळशी म्हातारी, आणि प्रत्येकाच्या छातीवर बंदर डाव्या हाताला. शमीमा आपांनी भिंग लावून एकेक बिल्ला पाहिला आणि तिसऱ्या रांगेतला कडेचा आपला आहे, असं सांगितलं. त्यांना विचारलं कशावरून, तर म्हणाल्या, आई मुलाला कशावरून ओळखते.

म्हणजे तुझ्या साहेबाचा माणूस निवडून आला. तरीही तुझा करार वाढला नाही आणि तू जानेवारीत परत येतो आहेस. हे कसं, ते मला आधी कळेना. बाबांनी फोनवर जे ऐकलं ते रात्रीच्या जेवणाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेव्हा अर्थ लागला. तू साहेबाला आधीच सांगून बसला होतास की बिल्ले उलटे येणार. साहेबाने ते चार ठिकाणी सांगितलं. निळ्यांच्या सभेत त्याच्यावर भाषण तयार होतं. आणि बिल्ले सुलटे आले. हसं साहेबाचं झालं, आणि त्याने ते तुझ्यावर काढलं.

दादा, माझं पत्र तुझ्या हाती पडण्याआधीच तू माझं गप्प बसणं साहेबाला देऊन टाकलं होतंस. मी नाही म्हणेन, ही शंकासुद्धा तुला आली नाही.

तू बाबांना सांगितलंस की निनूच्या हलगर्जीपणामुळे माझी नोकरी गेली. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताटात वाढलेलं मी खातो, ते उठून गेल्यावर उठतो. आई मध्ये मध्ये दोघांच्या तोंडाकडे बघते. वहिनींनी पासपोर्ट साखरेच्या डब्यामागून काढून ट्रंकेत ठेवला. नकाशा त्यांनी काढलेला नाही. जुई रोज विचारते, पापा अब इधर आएँगे कि हम उधर जाएँगे, आणि उत्तर मिळालं की आनंदाने उड्या मारते. या घरात खूश ती एकटीच आहे.

मी बाबांना फॅक्स दाखवू शकतो. एका मिनिटाचं काम आहे. अक्षर तुझं, तारीख वर छापलेली. त्या रात्री ताटावरून उठून मी खणापर्यंत गेलो होतो.

दाखवला नाही, आणि दाखवणार नाही. भितो म्हणून नाही, हे तुला नीट कळावं म्हणून हे पत्र. मी चूक केली ती मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितली, तेव्हा कोणी माझ्यापुढे माझाच कागद धरून ती वदवून घेतली नव्हती. म्हणून मला मियाँच्या शेजारी बसता येतं. तुलाही तेवढी जागा ठेवतो. बाबांना खरं काय ते तू सांग. स्टेशनवरून घरी आल्यावर, पाणी प्यायच्या आधी सांग, नाहीतर नंतर जमत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

फॅक्सचा कागद फार टिकत नाही. शाई उडत चालली आहे. काल पाहिला तेव्हा पहिल्या दोन ओळी गेल्या होत्या. "ते तुला जन्मापासून येतं" अजून वाचता येतं, पण उन्हाकडे धरावं लागतं. बूथवाला म्हणाला, झेरॉक्स काढून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत कोरा होईल. मी काढलेली नाही.

जानेवारीपर्यंत तो कोरा झालेला असेल. मग तुझ्याविरुद्ध माझ्याकडे काही उरणार नाही, आणि सांगायचं की नाही ते फक्त तुझ्या हातात असेल.

गाडीची तारीख कळव. मी स्टेशनवर येईन, आणि तुझ्या मागे नाही, शेजारून घरापर्यंत चालेन.

निनाद शरद खासनीस